हाताशी होतं त्यातून : कलामहर्षी बाबूराव पेंटर



तिसरी-चौथीच्या कोणत्याही वर्गात मुलांना निसर्गचित्र काढायला सांगून बघा. दहा मिनिटांत सगळ्या वह्यांत एकच चित्र तयार होतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य, खाली वळणावळणाची नदी, एक कौलारू घर आणि घराशेजारी नारळाचं झाड. आमची शाळा जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला आहे. वर्गाच्या खिडकीतून डोंगर दिसतो, आणि तो काही त्रिकोणी नाही. शेंडा कुणी कोयत्याने उडवावा तसा त्याचा माथा आहे. वर काळ्या दगडाची देवळं आहेत, गुलालाने रंगलेल्या पायऱ्या आहेत, चैत्री यात्रेत तिथे उंचच उंच सासनकाठ्या नाचवल्या जातात. मुलं हे सगळं वडिलांच्या खांद्यावर बसून बघत मोठी झालीत. पण कागद समोर आला की दारातला डोंगर गायब होतो आणि कॅलेंडरवरचा येतो. चित्र काढण्यासारखं जे काही असतं ते दुसरीकडे कुठेतरी असतं, आपल्याकडे नसतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

म्हणून या पाठासाठी मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचं चरित्र निवडलंय. डोंगरावरून खाली पंचगंगेच्या दिशेला बघितलं की कोल्हापूर शहर पसरलेलं दिसतं. त्या शहरात 3 जून 1890 रोजी बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. आपण त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक ओळ असते, स्वदेशी कॅमेरा बनवणारे म्हणून. ती ओळ बरोबर आहे, पण मुलांना त्यातून काहीच मिळत नाही. कॅमेरा कशातून बनला, आणि बनल्यावर त्यांनी तो कशाकडे वळवला, हे सांगितलं तर गोष्ट समजते.

मेस्त्री हे आडनावच सांगतं की घर कारागिरांचं. वडील कृष्णराव लाकूड, लोखंड, माती अशा सगळ्या माध्यमांत काम करणारे. घरात पटाशी, रंधा, कानस, हातोडा ही हत्यारं आपल्या घरात चमचे-वाट्या असतात तशी. बाबूरावांचं शाळेचं शिक्षण फार झालं नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते कधी शिकले नाहीत. चित्रकला शिकली ती घरात, बघून बघून आणि करून करून. त्यांच्या नात्यातले आनंदराव हे त्यांच्यापेक्षा मोठे, तेही उत्तम चित्रकार आणि यंत्रात डोकं चालणारे. दोघांची जोडी जमली. पुढे हे दोघे ‘पेंटर बंधू’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडून धंद्याचं नाव चिकटलं. (आपल्याकडे अशी आडनावं किती, हे वर्गात विचारून बघा. मुलं भराभरा सांगतात.)

तेव्हाचं कोल्हापूर डोळ्यांपुढे आणा. छत्रपती शाहू महाराजांचा काळ, 1894 ते 1922. कुस्ती, गाणं, नाटक, चित्रकला या सगळ्यांना दरबारचा आधार होता. याच गावात आबालाल रहिमान राहत होते. ते जे. जे. मध्ये शिकले होते, 1888 साली त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं होतं. अशा माणसाला मुंबईत काय कमी होतं? पण ते कोल्हापूरला परत आले आणि उरलेलं आयुष्य इथलं पाणी आणि इथली झाडं रंगवत राहिले. रंकाळा, पंचगंगेचा काठ, कोटितीर्थ. कोटितीर्थाच्या तळ्याचा एकच कोपरा, पण सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, पावसातला वेगळा. फकिरासारखं साधं राहणं होतं. 1931 साली ते गेले. कोल्हापूरच्या पुढच्या चित्रकारांवर, बाबूरावांवरही, या माणसाची छाप आहे. गावातल्या तळ्याकडे पन्नास वेळा बघितलं तरी ते संपत नाही, हे या चित्रकारांनी आबालालांच्या कागदांवर प्रत्यक्ष पाहिलं होतं. आपल्या मुलांना असं कुणी दाखवतं का, हा विचार हे लिहिताना सारखा मनात येतो.

बाबूरावांचं पोट मात्र तळ्याच्या चित्रांवर भरत नव्हतं. ते आणि आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. साधारण 1910 पासूनची ही पाच-सहा वर्षं. संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श, बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी अशा नामांकित कंपन्यांसाठी त्यांनी पडदे केले. पडदा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. रंगमंचाच्या मागे पूर्ण रुंदीचं कापड सोडलेलं असतं, त्यावर राजवाडा, बाग, रस्ता किंवा अरण्य रंगवलेलं. प्रवेश बदलला की पडदा वर जातो, दुसरा खाली येतो. लांबून बघणाऱ्याला सपाट कापडावर खोल दालन दिसलं पाहिजे, खांब गोल दिसला पाहिजे, आणि तेही दिव्यांच्या उजेडात. उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते हे चुकलं तर राजवाडा कोसळल्यासारखा दिसतो. तेव्हा बाबूराव विशीत होते. प्रकाशाचा अभ्यास त्यांनी पुस्तकातून केला नाही, वीस-तीस फूट कापडावर उभं राहून केला असं म्हणायला हरकत नाही.

आणि मग सिनेमा आला. 1913 साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पेंटर बंधूंनी तो पाहिला. इतर प्रेक्षक हरिश्चंद्राची गोष्ट बघत असताना या दोघांच्या डोक्यात वेगळंच चालू झालं असणार. आपण रंगवतो ते पडदे स्थिर असतात. हा पडदा हलतोय. हे होतं कसं?

इथे थोडं थांबून मुलांना यंत्र समजावून सांगा, कारण त्यातच मजा आहे. चित्रपटाच्या पट्टीवर एकामागून एक फोटो असतात. पट्टी सतत सरकत राहिली तर सगळं पुसट होईल. म्हणून ती भिंगामागे क्षणभर थांबावी लागते, तेवढ्यात झडप उघडून उजेड आत येतो, झडप बंद होते, पट्टी एक घर पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा वेळा असं व्हायचं, तेही हाताने दांडा फिरवून. थांबणं आणि सरकणं, थांबणं आणि सरकणं. हे घरात कुठे बघितलंय का, असं विचारा. आईच्या शिलाई मशीनमध्ये! सुई वर असते तेव्हा खालचे दाते कापड थोडं पुढे ढकलतात, सुई आत जाते तेव्हा कापड थांबतं. फ्रान्समध्ये लुमिएर बंधूंना 1895 च्या त्यांच्या यंत्रासाठी हीच युक्ती शिलाई मशीनवरून सुचली होती. लुमिएरांचे ते खेळ 7 जुलै 1896 रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले आणि सिनेमा आपल्या देशात आला. म्हणजे सिनेमाच्या मुळाशीच घरातली एक रोजची वस्तू आहे.

आनंदराव आणि बाबूरावांकडे परदेशी कॅमेरा विकत घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी एक प्रोजेक्टर मिळवला, सिनेमे दाखवायचा धंदाही करून पाहिला, आणि तो प्रोजेक्टर उघडला. त्याचा प्रत्येक भाग काय करतो ते समजून घेतलं. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच घरातली भावंडं. एकातून उजेड बाहेर पडतो, दुसऱ्यात आत शिरतो. पट्टी थांबवायची आणि सरकवायची यंत्रणा दोन्हीत असते. एक कळला की दुसरा बनवता येईल, असा त्यांचा हिशेब. पालकहो, घरात बिघडलेला पंखा किंवा रेडिओ उघडून बसलेल्या पोराला ओरडण्याआधी हा प्रसंग जरा आठवा. स्क्रू हरवतील, हे मला मान्य आहे.

कॅमेरा पूर्ण व्हायच्या आधीच 1916 साली आनंदराव वारले. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे. ज्याच्यासोबत सगळं शिकलो, ज्याच्या डोक्यातून अर्धं यंत्र आलं, तोच नाही. इथे कुणीही नाद सोडला असता. पडद्यांची कामं होती, पोट भरत होतं. पण त्यांच्याजवळ विष्णुपंत दामले होते. पेंटर बंधूंच्या हाताखाली पडदे रंगवायला शिकलेला, यंत्राचं विलक्षण अंग असलेला तरुण. बाबूराव आणि दामले यांनी मिळून काम पुढे नेलं. तुकडे घासले, चाकं कातली, जमलं नाही ते पुन्हा केलं. 1918 साली कॅमेरा तयार झाला आणि तो चालला. आमच्या पाचवीच्या मुलांना मी इथपर्यंत सांगते तेव्हा पहिला प्रश्न येतो की बिघडलेला भाग ते कुठून आणायचे. कुठून आणणार? पुन्हा बनवायचे.

त्याच सुमारास त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर यांनी. तानीबाई गायिका होत्या, उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. एका गाणाऱ्या बाईच्या पैशावर कोल्हापूरच्या सिनेमाचा पाया घातला गेला, हे आपल्या पाठांत क्वचितच येतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

पहिला मोठा चित्रपट ‘सैरंध्री’. 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात तो लागला. महाभारतातली कीचकवधाची कथा. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी भूमिका केल्या आणि कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी त्या पडद्यावर आल्या. त्या काळात सिनेमात बायकांची कामं बहुधा पुरुषच करायचे. सिनेमात काम करते म्हणून बाईकडे समाज कसा बघायचा याची कल्पना आजही आपण करू शकतो, आणि या दोघींनी ते सोसलं. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की लोक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

मला मात्र यातली एक बारीक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्या माणसाने उमेदीची वर्षं रंगवलेले पडदे करण्यात घालवली, त्यानेच सिनेमात रंगवलेले पडदे टाकून दिले. कॅमेऱ्याला खोटा खांब चालत नाही हे त्यांनी ओळखलं. त्यांनी सुतारकामातून खरे, भोवती फिरता येईल असे देखावे उभे केले. वडिलांच्या घरातलं लाकूडकाम इथे उपयोगी आलं. चित्रीकरणाआधी ते पात्रांचे पोशाख, दागिने, बसण्या-उठण्याच्या ढबी यांची रेखाटनं करायचे. दृश्य आधी कागदावर आणि मग पट्टीवर. 1923 सालच्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी रात्रीची दृश्यं कृत्रिम दिव्यांच्या उजेडात घेतली. तोपर्यंत आपल्याकडे बहुतेक चित्रीकरण सूर्यावर अवलंबून असायचं, ढग आले की काम बंद. आणि चित्रपटाची पोस्टरंसुद्धा ते स्वतः रंगवायचे.

(उजेड समजावून सांगायला आमच्याकडे एक चांगली सोय आहे. यात्रेच्या दिवसांत डोंगरावर गुलाल हवेत उडत असतो. देवळाच्या ओवरीत तिरकं ऊन येतं तेव्हा त्या गुलालात उन्हाचा पट्टा अगदी वेगळा उठून दिसतो. सिनेमाच्या अंधाऱ्या हॉलमध्ये प्रोजेक्टरमधून निघणारा पट्टा धुळीमुळे दिसतो, अगदी तसाच. तुमच्याकडे गुलाल नसेल तर फळा पुसल्यावरची खडूची धूळ चालेल.)

इथपर्यंत वस्तू हाताशी होत्या त्या साधन म्हणून आल्या. लोखंड, लाकूड, कापड, ऊन. पण पडद्यावर जे दिसत होतं ते अजून देवाधर्माचं आणि इतिहासाचं होतं. द्रौपदी, भीम, श्रीकृष्ण, तानाजी. प्रेक्षकांना तेच हवं होतं आणि बाबूरावांनाही ते आवडत होतं, यात शंका नाही. 1925 साली त्यांनी एक चित्रपट केला आणि त्यात यातलं कोणीच नव्हतं.

‘सावकारी पाश’. कथा नारायण हरि आपटे यांची. एक शेतकरी, त्याची बायको, त्यांची झोपडी आणि एक सावकार. सावकार कर्जाच्या कागदात शेतकऱ्याला अडकवतो, जमीन जाते, आणि शेतकरी शहरात गिरणीत मजुरीला जातो. बस, एवढीच गोष्ट. शेतकऱ्याचं काम केलं व्ही. शांताराम यांनी, आणि सावकार झाले झुंझारराव पवार.

ही गोष्ट त्या काळच्या कुठल्याही गावाला सांगायची गरज नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी, 1875 साली, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली होती. तो उठाव आजूबाजूच्या गावांत पसरला, आणि त्यानंतर 1879 साली इंग्रज सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. तरी कर्ज राहिलंच. सावकाराची वही, दिव्याच्या उजेडात उमटवलेला अंगठा, कोनाड्यातलं रिकामं मडकं हे सगळं आपल्या पणजोबांच्या पिढीने घरात बघितलेलं. पण ते सिनेमात दाखवण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. सिनेमात मुकुट असतो, रथ असतो. फाटकं मुंडासं कोण बघायला जाणार?

बाबूरावांनी ते दाखवलं. ज्यांनी तो मूकपट तेव्हा पाहिला त्यांच्या लक्षात वर्षानुवर्षं राहिलेलं एक दृश्य आहे. रात्रीची वेळ, अंधुक उजेडात एक उदास झोपडी, आणि बाहेर एक कुत्रा तोंड वर करून रडतोय. मूकपट, म्हणजे आवाज नाही. कुत्र्याचं रडणं कुणाला ऐकूच येत नव्हतं, आणि तरी ते लोकांच्या कानात राहिलं. विचार करा, त्यात लागलं काय? एक झोपडी आणि एक कुत्रा. कोल्हापूरच्या बाहेर दहा मिनिटं चाललं तरी सापडेल असं सामान. पण ते कुठे ठेवायचं, उजेड किती द्यायचा आणि अंधार किती राहू द्यायचा, हे ठरवायला पडदे रंगवण्यात गेलेली ती सगळी वर्षं लागली.

चित्रपट फार चालला नाही. लोकांना देवादिकांचे चमत्कार बघायचे होते. घरचं दुःख तिकीट काढून बघायला ते आले नाहीत. यानंतर बाबूराव पुन्हा पौराणिक चित्रपटांकडे वळले, कंपनी चालवायची होती, माणसांचे पगार द्यायचे होते. आज अभ्यासक ‘सावकारी पाश’ला भारतातल्या वास्तववादी सिनेमाची सुरुवात मानतात. पण 1925 साली तिकीट खिडकीवर बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

मुलांना हा भाग गाळून सांगायचा मोह होतो. जयंतीच्या भाषणांत तर हा भाग नसतोच. कॅमेरा बनवला, पदवी मिळाली, टाळ्या. माझं मत विचाराल तर कॅमेऱ्यापेक्षा हा भाग जास्त सावकाश सांगावा. चौथीतलं मूलसुद्धा ‘आपलं चांगलं चित्र कुणाला आवडलं नाही’ हा अनुभव घेतलेलं असतं. वर्गात एखादं मूल शेणाने सारवलेलं अंगण काढतं आणि शेजारचं मूल त्याला हसतं. त्याला बाबूरावांची ही वर्षं कळतात, आपल्यापेक्षा लवकर कळतात.

पुढचं मी भरभर सांगते. कंपनीत वाढलेली माणसं मोठी झाली. दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम यांनी बाहेर पडून 1 जून 1929 रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. शांताराम बाबूरावांच्या कंपनीत 1920 मध्ये मिळेल ते काम करायला आले होते. सगळे एकदम गेल्यावर बाबूरावांना काय वाटलं असेल ते वाटलं असेल. काही काळातच महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. ‘प्रभात’ 1933 साली पुण्याला गेली. तिथे दामले-फत्तेलाल या जोडीने 1936 साली ‘संत तुकाराम’ काढला, आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तो चित्रपट उपलब्ध आहे, शाळेत जरूर दाखवा. त्यातलं जातं, चूल, गाय, जिजाईची कटकट बघा. संताच्या चरित्रात इतकं घर आणलं गेलं, आणि ते आणणारे दोघे बाबूरावांकडे पडदे रंगवायला शिकलेले.

बाबूराव थांबले नाहीत, पण बोलपटाच्या जमान्यात त्यांचा पूर्वीसारखा दबदबा राहिला नाही. 1935 साली त्यांनी शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ केला. आणि 1936 मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून. पहिल्यांदा न चाललेली गोष्ट अकरा वर्षांनी पुन्हा हातात घ्यायची! यामागचं कारण मी मुलांना सांगत नाही, त्यांनाच विचारते. उत्तरं फार वेगवेगळी येतात. कुणी म्हणतं, तेव्हा आवाज नव्हता म्हणून. कुणी म्हणतं, शेतकऱ्याचं कर्ज फिटलं नव्हतं म्हणून. दुसरं उत्तर देणाऱ्या मुलीला मी त्या दिवशी काहीच बोलू शकले नाही.

चित्रपटांच्या मधल्या काळात आणि नंतरही चित्रं आणि शिल्पं चालूच होती. तैलरंगातली व्यक्तिचित्रं, देवादिकांची चित्रं, पुतळे. हाताला माती आणि रंग लहानपणापासून लागलेले, ते सुटले नाहीत. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. लोक त्यांना कलामहर्षी म्हणतात. कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. सहल महाद्वार आणि रंकाळा करून परत येते, तेव्हा दहा मिनिटं तिथे थांबता येतं. मूकपट ‘सावकारी पाश’ मात्र आता बघायला मिळत नाही. त्या काळच्या फिल्मच्या पट्ट्या झटकन पेट घ्यायच्या, जपल्या नाहीत तर खराब व्हायच्या. आपल्याकडचे बहुतेक मूकपट असेच गेले. ज्या कुत्र्याबद्दल एवढं लिहिलं तो आता फक्त बघणाऱ्यांनी सांगून ठेवलेल्या आठवणीत आहे.

आता पाठ कसा घ्यायचा. मी हा दोन तासिकांत घेते, एक मराठीची आणि एक कार्यानुभवाची. मराठीच्या तासाला चरित्र सांगायचं, तारखा पाठ करायला लावायच्या नाहीत. नंतर एकच काम द्यायचं. घरी जाऊन रोजच्या वापरातली एक वस्तू निवडायची, तिन्हीसांजेला तिच्यासमोर पाच मिनिटं बसायचं आणि उजेड तिच्यावर कुठून पडतो तेवढंच चार ओळीत लिहून आणायचं. तांब्या, केरसुणी, वडिलांची चप्पल, काहीही. सुंदर दिसतो, छान आहे असे शब्द चालणार नाहीत हे आधीच सांगायचं. गेल्या वर्षी एकाने देव्हाऱ्यातल्या खोबऱ्याच्या वाटीवर लिहून आणलं, यात्रेत उधळलेल्या खोबऱ्यातली ती. तिच्या कडेला गुलाल चिकटून राहिला होता आणि समईच्या बाजूने तेवढीच कड उजळत होती. पुढे एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला वस्तुचित्र असतं, तिथे मुलं बादली आणि फळं घोकून काढतात. ही सवय लहानपणी लागली तर तिथेही कामाला येते.

कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याचा पिनहोल कॅमेरा. बुटाचा रिकामा खोका घ्या. एका अरुंद बाजूला मधोमध सुईने एकच छिद्र पाडा. समोरची बाजू कापून तिथे बटर पेपर ताणून चिकटवा. बटर पेपर नसेल तर साध्या पांढऱ्या कागदाला तेलाचं बोट फिरवून वाळू द्या, काम होतं. झाकणाच्या फटींना काळी चिकटपट्टी लावा. मग छिद्र उन्हातल्या वस्तूकडे धरायचं आणि बटर पेपरच्या बाजूने बघायचं. डोक्यावरून जाड चादर घेतली तर नीट दिसतं. आमची मुलं तो डोंगराकडे धरतात. कागदावर जोतिबाचा डोंगर उमटतो, छोटा, रंगीत आणि उलटा, माथा खाली आणि पायथा वर. रस्त्यावरून एसटी गेली तर तीही कागदावर उलटी पळते, आणि हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा चादरीखालून जो आरडाओरडा होतो त्याची शेजारच्या वर्गाला आधी कल्पना देऊन ठेवा. छिद्र मोठं झालं तर चित्र पुसट येतं, तेव्हा दाभण वापरू नका, बारीक सुईच घ्या.